चौऱ्याण्णव टक्के जंगल

धार, ३ फेब्रुवारी २०२५

चि. शार्दूल,

आशीर्वाद या खेपेस राखून ठेवले आहेत. हे पत्र वाचून तू काय करतोस ते पाहून पाठवीन.

काल दुपारी आमच्या वसतिगृहाची जुनी स्वयंपाकीण मालन दारात येऊन उभी राहिली. तू तिला ओळखत नाहीस. मी शाळेत भूगोल शिकवत होते आणि मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन होते, तेव्हा ती बावन्न मुलींच्या पोळ्या लाटायची. २००४ साली ती गेली. उदयनगरच्या पुढे जंगलपट्ट्यात तिचे गाव आहे. तिथून इंदूरला बस बदलून ती आली होती आणि तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक सरकारी कागद होता. वनाधिकाराच्या पट्ट्यासाठी, म्हणजे कसत्या वनजमिनीच्या हक्कपत्रासाठी, तिने केलेला दावा नामंजूर झाला आहे. कारण हिंदीत आहे, मराठीत देते: 'हायपरस्पेक्ट्रल उपग्रहचित्राच्या वर्गीकरणानुसार सदर भूखंड झुडपी वन आहे. क्षेत्रपाहणीतही शेती आढळली नाही.'

मी विचारले, तिथे तू काय पेरतेस? म्हणाली, मका, तूर, उडीद, चवळी. बापाच्या वेळेपासून हेच. मग हे झुडूप कोणाचे? तर म्हणे, "बाईजी, वी ऊपर से देखे है. नीचे तो कोई आयो ही नी."

कागदाच्या तळाशी वर्गीकरण करणाऱ्या कंपनीचा शिक्का आहे आणि त्याखाली सही. सही मी चष्म्याशिवाय ओळखली. सुट्टीत माझ्याकडे राहायचास तेव्हाही 'श'चे पोट तू असेच फुगवायचास.

कायदा मी काल रात्रीच वाचून काढला. मालनला दोन गोष्टी दाखवायच्या आहेत: जमीन ती आज कसते, आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसते. जिल्हा समितीकडे साठ दिवसांत दाद मागता येते. नाही मागितली, तर पावसाळ्यात त्या साडेतीन बिघ्यांवर सागाची रोपे लागतील आणि मालन स्वतःच्या शेतात अतिक्रमण करणारी ठरेल.

ती आणखी कसल्याशा जुन्या कागदांबद्दल बोलत होती. मी तिला म्हटले, तू निश्चिंत जा, ही उपग्रहाची भानगड मी पाहते. चहा दिला, उपग्रह म्हणजे काय ते नीट समजावून सांगितले आणि संध्याकाळच्या बसमध्ये बसवून दिले.

आता तू मला समजावून सांग. मक्याच्या शेताला जंगल म्हणायला तुमच्या कंपनीला किती शिकलेली माणसे लागली?

विनोदिनी आत्या

*

देवास, १० फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

शि. सा. न. तुमचं पत्र मिळालं. कागदावर पत्र लिहायची सवय राहिली नाही, आणि माझी मराठी तुम्हाला माहीतच आहे, चुकभूल माफ करा.

आत्या, तुम्ही उगीच परेशान होताय. हे काम भावनेचं नाही, तकनीकचं आहे. साध्या फोटोत तीन रंग असतात, लाल, हिरवा, निळा. आमच्या चित्रात दोनशेहून जास्त असतात, त्यातले बरेच आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. पान, माती, पाणी, दगड, प्रत्येक चीज ऊन आपल्या वेगळ्या तऱ्हेने परत फेकते. ती तिची सहीच समजा. त्यावरून गहू की हरभरा, साग की महुआ, सगळं वरूनच कळतं. आम्ही मशीनला आधी काही नमुने दाखवतो: हे शेत, हे जंगल, हे पडीक. मग बाकीचा जिल्हा ते स्वतः ओळखतं. आमची अचूकता ९४ टक्के आली आहे. भोपाळच्या बैठकीत टाळ्या वाजल्या.

मालनबाईंना मी खोटं म्हणत नाही. पण गावातली माणसं जंगलात चार दाणे टाकतात आणि शेत म्हणतात, असंही होतं. मशीनला कोणाशी दुश्मनी नाही. आणि क्षेत्रपाहणी झालेली आहे, फोटो फाइलला लावले आहेत.

आमची चिऊ आता पळते. वेदिका नमस्कार सांगते.

तुमचा,
शार्दूल

*

धार, १४ फेब्रुवारी २०२५

चि. शार्दूल,

परेशान मी नाही, मालन आहे. मी चिडलेली आहे. दोन्हींत फरक आहे आणि तो ओळखायला दोनशे रंग लागत नाहीत.

तुझे पत्र तीनदा वाचले. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आले, तिसऱ्यांदा मी लाल पेन घेतले. मी अडतीस वर्षे भूगोल शिकवला. इंदूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला जी सिस्टर भूगोल शिकवायची ती नकाशा काढायच्या आधी मुलींना ती जागा पायी फिरवून आणायची. चपलेत काटा मोडला की म्हणायची, हा काटा नकाशात कुठे दाखवशील? तेव्हा आम्हाला ती खुळी वाटायची. तुझे पत्र वाचून तिची आठवण आली आणि खुळे कोण, याचा उलगडा झाला.

मला टाळ्यांचे कौतुक सांगू नकोस. मला एवढेच सांग. मशीनला शिकवायला जे नमुने घेतले, ते किती होते आणि कुठले? आणि त्याची परीक्षा घ्यायला वेगळे नमुने घेतले होते का? शाळेत एखाद्या बाईने वर्गात सोडवून दिलेलीच दहा गणिते परीक्षेत घातली आणि निकाल चौऱ्याण्णव टक्के लावला, तर आम्ही टाळ्या वाजवत नसू. बाईला बोलावून घेत असू.

दुसरे. क्षेत्रपाहणीचा तुझा फोटो मालनच्या फाइलमध्ये आहे, त्याची प्रत तिने मला दिली आहे. फोटोत सागाचे रोपवन आहे, सरळ रांगांत लावलेले, भोवती दगडी कुंपण. मालनच्या शेतात साग नाही आणि कुंपण घालण्याइतकी तिची ऐपत नाही. हा फोटो नेमका कशाचा?

'चार दाणे टाकतात आणि शेत म्हणतात' हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवले आहे. तू कधी चार दाणे कुठे टाकले आहेस का, हे आठवून पाहा. गेल्या दिवाळीला तुझ्या गॅलरीतली तुळस वाळलेली होती.

विनोदिनी आत्या

*

देवास, १९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

शि. सा. न. तुम्ही मला शाळेतल्या मुलासारखं झापताय. मी चौतीस वर्षांचा आहे, हाताखाली सहा जण आहेत.

शेतीचे नमुने दोनशे दहा घेतले, जीपीएसने, एकेक शेताच्या मधोमध उभं राहून. त्यातल्या दीडशेंवर मशीनला शिकवलं, साठांवर परीक्षा घेतली. म्हणजे परीक्षा वेगळीच झाली. नमुने जिल्ह्याच्या अशा भागातले आहेत जिथे शेती साफ दिसते. नेमका कुठला भाग ते सांगता येणार नाही, कंपनीची गोपनीयता असते.

फोटोचं म्हणाल तर तिकडे नेटवर्क नसतं, जागा थोडी इकडेतिकडे दाखवते. पण एकंदर परिसर तोच आहे.

आत्या, एका शेताने काय फरक पडतो? उदयनगर भागात असे एकसष्ट भूखंड आहेत. एकाला शेत म्हटलं तर साठ जण उभे राहतील. रिपोर्ट वर गेला आहे, त्यावर सह्या झाल्या आहेत. माझं प्रमोशन जूनमध्ये आहे. तुम्ही समितीला काही लिहू नका, ही हात जोडून विनंती.

तुमचा,
शार्दूल

*

देवास, २२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाई,

सा. न. तुम्ही पाठवलेला चिऊचा स्वेटर अगदी बरोबर बसला. ती तो काढूच देत नाही, आता गरमी व्हायला लागली तरी.

हे म्हणत होते आत्या नाराज आहेत. काय झालं ते सांगत नाहीत. तुम्ही त्यांच्यावर रागावू नका हो. खूप मेहनत करतात. गेल्या वर्षी जानेवारीत ते शेतीचे नमुने घ्यायचे होते, तर चांगले नऊ दिवस खातेगांवला आमच्या पप्पांकडे राहिले. पप्पांनी त्यांना रोज ट्रॅक्टरवर बसवून आपली आणि साऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची शेतं दाखवली. मम्मी रोज संध्याकाळी गराडूचे कंद तळायची, कारण जावईबापू उन्हात फिरून येतात. दोनशे दहा पूर्ण झाले त्या दिवशी दाल-बाफले केले होते. पप्पा अजून गावात सांगतात, आमच्या गव्हाचा फोटो उपग्रहात आहे.

उदयनगरला पण हे गेले होते, पण त्या दिवशी चिऊला एकशे तीन ताप होता. ड्रायव्हर मोनू म्हणाला, भिया, पुढे गाडी नाही जाणार, दोन तास चालावं लागेल. आणि तेवढ्यात मी रडत फोन केला. तर हे वनविश्रामगृहाच्या फाटकावरूनच, तिथलेच फोटो काढून, परतले. मला अजून वाईट वाटतं की मी त्यांचं काम बिघडवलं. पण काम वेळेत दिलं त्यांनी.

तुम्ही रामनवमीला इकडे या ना.

तुमची,
वेदिका

*

धार, २६ फेब्रुवारी २०२५

चि. शार्दूल,

खातेगांव.

एवढाच एक शब्द लिहून पाकीट बंद करणार होते. पण तू त्याचाही अर्थ नेटवर्कवर ढकलशील.

वेदिकेवर रागावशील तर याद राख. तुमच्या दोघांत खरे बोलणारी तीच आहे, आणि पोर तापाने फणफणलेली असताना परतलास याबद्दल मी तुला एक अक्षर बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा का गेला नाहीस, याबद्दल बोलणार आहे. ताप एका दिवसाचा होता. सही कायमची आहे.

तर तुमच्या त्या विद्वान मशीनने आयुष्यात शेत म्हणून जे पाहिले ते तुझ्या सासऱ्यांचे आणि त्यांच्या शेजाऱ्यांचे. सपाट काळी जमीन, एका उंचीचा गहू, बांधावरसुद्धा झाड नाही. शेत म्हणजे हे, असे तू त्याला दीडशे वेळा सांगितलेस. मग त्याच शिवारातल्या साठ शेतांवर परीक्षा घेतलीस आणि ते पास झाले. नंतर त्याला उदयनगरचा उतार दाखवलास: दगडगोटे, माणसाच्या उंचीची तूर, तिच्या बुडाशी चवळी, मध्येच मोहाची मोठी झाडे, कारण तिकडे मोह कोणी तोडत नाही, त्याच्या फुलांवर घर चालते. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की हे सासऱ्यांच्या शेतासारखे दिसत नाही. त्या यंत्राचा काडीचा दोष नाही. त्याला जे जेवू घातले तेच ते ओकले. दोष गराडू खाणाऱ्याचा आहे.

पुस्तकात या शास्त्राबद्दल वाचले. उत्तम शास्त्र आहे. माझ्या वेळी असते तर मी ते मुलींना शिकवले असते. त्याच पुस्तकात पहिल्या धड्यात लिहिले आहे की नमुने सर्व प्रकारच्या जमिनीवरून घ्यावेत. तुझ्या पदवीच्या वर्षी तो धडा अभ्यासक्रमातून वगळला होता का?

आणि 'एका शेताने काय फरक पडतो' असे तू विचारतोस. जिचे ते एकच आहे तिला विचार. विचारायला जा. या आठवड्यात जा. गाडी जिथे थांबेल तिथे उतर आणि दोन तास चाल. मालनच्या शेतात उभा राहा, मग मला पत्र लिही. नाही गेलास, तर वेदिकेचे पत्र घेऊन मी स्वतः समितीपुढे उभी राहीन, आणि तुझ्या सासऱ्यांना साक्षीदार म्हणून बोलावीन. ते आनंदाने येतील.

विनोदिनी आत्या

*

उदयनगर, ६ मार्च २०२५

ती. आत्या,

शि. सा. न. इथल्या बसस्टँडच्या हॉटेलात बसून लिहितोय. काल आणि आज दोन दिवस फिरलो. पायाला फोड आले आहेत, ते सांगत नाही.

शेत आहे. तुरीची कापणी झाली आहे, खुंट उभे आहेत. मक्याची जुनी धांडं एका बाजूला रचलेली. दगड वेचून वेचून उतारावर बांध घातले आहेत, गुडघ्याएवढे, असे सात. एवढे दगड एका पिढीत वेचून होत नाहीत, हे मलाही समजतं. महुआची अकरा झाडं आहेत, त्यांच्या खालची जमीन झाडून साफ केली आहे, आता फुलं पडायला लागतील म्हणून. चित्रात त्या अकरा झाडांचे डेरे शेताच्या अर्ध्यावर दिसतात. मशीनला खाली काय आहे ते दिसलंच नाही, आणि उरलेल्यात गहू नव्हता. मी चाळीस ठिकाणी नवे नमुने घेतले, मालनबाई पुढे चालत होत्या.

त्यांनी मला पहिल्याच मिनिटाला ओळखलं. म्हणाल्या, "थारी सफेद गाड़ी पेलाँ भी आई थी. फाटक से मुड़ गई थी, गाँव का छोरा ने बतायो. हम तो थारी बाट देख रिया था, चाय चढ़ा दी थी." काल त्यांनी पुन्हा चहा चढवला, तो मी प्यायलो.

आता खरी गोष्ट. ती वाचून तुम्हाला राग येईल, पण तुम्हीच म्हणालात की जाऊन विचार.

त्यांनी मला विचारलं, बाईजींना कागद सापडले का? मी म्हटलं, कुठले? तर त्या म्हणाल्या की त्या धारला तुमच्याकडे उपग्रहासाठी आल्याच नव्हत्या. जुने मेमो मागायला आल्या होत्या. दर आषाढात पेरणीला आणि कार्तिकात कापणीला त्या तीन-तीन आठवडे गावी यायच्या. दर वेळी तुम्ही इंग्रजीत ठपक्याचा मेमो द्यायच्या, आणि २००४ मध्ये कामावरून काढल्याचं पत्र दिलं. तुम्ही मला लिहिलं होतं 'ती गेली'. त्या म्हणतात, काढलं. त्यांच्या प्रती त्यांनी त्याच संध्याकाळी चुलीत घातल्या. पण त्यांना पक्कं आठवतं की तुम्ही प्रत्येक कागदाखाली कार्बन ठेवायच्या.

आत्या, मी मशीन सुधारलं तरी ते आजचंच सांगेल. आमच्या कंपनीकडे २००५ च्या आधीचं असं चित्र नाही. शेजाऱ्यांनी जबाब दिले आहेत, पण समिती म्हणते हे सगळे एकमेकांचे भाऊबंद. त्या काळात मालनबाई शेतावर जात होत्या असा बाहेरच्या माणसाने, त्याच वेळी, तारीख घालून लिहिलेला कागद फक्त तुमचा आहे.

त्यांनी तुम्हाला हे दोनदा सांगितलं होतं म्हणे. तुम्ही उपग्रह समजावत होतात.

शार्दूल

*

धार, १५ मार्च २०२५

चि. शार्दूल,

उत्तराला नऊ दिवस लागले. त्यातले सात मी कपाट उघडले नाही. त्याला कुलूप नव्हते, किल्ली हरवलेली नव्हती, मी आजारीही नव्हते.

कार्बनच्या प्रती आहेत, सगळ्या नाहीत. सहा. पहिली जुलै १९९९ ची, शेवटची नोव्हेंबर २००४ ची. अक्षर अजून स्वच्छ आहे. मजकूर स्वच्छ नाही. शेवटच्या पत्रातले एक वाक्य मराठीत देते, म्हणजे तुझ्या आत्याला तू नीट ओळखशील: 'सदर बाई दरवर्षी आषाढात व कार्तिकात उदयनगरजवळील आपल्या तथाकथित शेतावर निघून जाते, बावन्न मुलींच्या जेवणापेक्षा तिला दगडांचा तो तुकडा मोठा वाटतो.'

तथाकथित. हा शब्द सहापैकी चार कागदांत आहे. मला तो फार आवडत असावा. समितीतला कोणीही अर्धशिक्षित माणूस म्हणेल की मॅडमनी त्याच वेळी लिहून ठेवले आहे, ते शेत नव्हतेच. म्हणजे मालनचा एकमेव पुरावा माझ्या हातचा, आणि त्यात मीच बिब्बा घालून ठेवलेला.

तुला मी खातेगांववरून जे बोलले ते मागे घेत नाही, ते सगळे खरे आहे. पण तू निदान फाटकापर्यंत गेला होतास. मी धारमध्ये खुर्चीत बसून लिहिले. तिने मला एकदा सांगितले होते की सुट्टीत या, शेत दाखवते. मी म्हटले होते, मला दगड पाहायला उदयनगरला जायची गरज नाही, ते धारच्या किल्ल्यावर भरपूर आहेत. मुली हसल्या होत्या. मला ते वाक्य तेव्हा चांगले जमले असे वाटले होते.

मालनच्या अपिलाची सुनावणी २६ तारखेला देवासला आहे. त्याआधी मी उदयनगरला जाणार आहे. शेत पाहिल्याशिवाय त्या शब्दाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. गुडघ्याचे तू काढू नकोस, तो माझा प्रश्न आहे. तुझा अहवाल कधी जाणार, एवढे कळव.

विनोदिनी आत्या

*

देवास, २१ मार्च २०२५

ती. आत्या,

शि. सा. न. घाईत लिहितोय. सुधारलेला अहवाल काल दिला. एकसष्टच्या एकसष्ट भूखंडांचं जुनं वर्गीकरण मागे घेतलं, आणि क्षेत्रपाहणी झाली नव्हती हे माझ्या सहीने लिहून दिलं. नव्या नमुन्यांवर त्यातले त्रेचाळीस शेत निघाले, बाकीचे पायी जाऊन बघावे लागतील. उदयनगरची अचूकता आता ७१ टक्के आहे. साहेब म्हणाले, ९४ वरून ७१ वर आणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतोय. मी म्हटलं, साहेब, ९४ कधी नव्हतेच. प्रमोशनचा विषय संपला.

२६ तारखेला मला भोपाळला खुलासा द्यायला बोलावलं आहे, बरोब्बर त्याच दिवशी. मी येऊ शकणार नाही. वेदिका तुम्हाला स्टँडवरून घेईल. काय होतं ते लिहा, फोनवर तुम्ही काही सांगत नाही.

शार्दूल

*

देवास, २७ मार्च २०२५

चि. शार्दूल,

तुझ्याच टेबलावर बसून लिहिते आहे. तू भोपाळहून परत येशील तेव्हा मी धारला पोचलेली असेन. तोंडाने सांगितले तर मी त्यात मीठमसाला घालीन, म्हणून कागदावर.

२४ ला उदयनगरला गेले. दोन तासांच्या वाटेला मला चार लागले. मालन पुढे चालत होती, मागे वळून पाहत नव्हती. शेत पाहिले. बांधांवरून हात फिरवला. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

सुनावणीला आमचा नंबर अकरावा होता. आत पाच माणसे, एक पंखा. तुझा अहवाल त्यांनी वाचला होता, आजच्या शेतीबद्दल प्रश्न उरला नाही. मग २००५. मी सहा कागद पुढे केले आणि वाचूनही दाखवले, कारण त्यांच्यातल्या एकालाही माझे इंग्रजी झेपत नव्हते. प्रत्येक वाक्याचे हिंदी केले. मालन दाराशी उभी होती. ती ते सगळे पहिल्यांदा कळेल अशा भाषेत ऐकत होती.

बावन्न मुलींच्या जेवणाचे वाक्य आले तेव्हा वनखात्याचा एक कारकून हसला. मी थांबले आणि त्याला म्हटले, "हँस लीजिए, फिर आगे पढ़ती हूँ." तो फाइलमध्ये डोके घालून बसला.

अध्यक्ष तरुण मुलगी आहे, तुझ्याहून लहान. तिला शब्द बरोबर सापडला. "मॅडम, चार जगह आपने ख़ुद लिखा है, तथाकथित खेत."

"जी. लिखा है."

"तो खेत था या नहीं था?"

"था. मैंने देखा नहीं था. परसों देखकर आई हूँ."

"बिना देखे लिख दिया था?"

"जी."

"क्यों?"

अडतीस वर्षे मी मुलींना हा प्रश्न विचारत आले. त्याला काय उत्तर देतात ते मला माहीत नव्हते. मी म्हटले, "क्योंकि पूछने वाला कोई नहीं था." तिने हे सगळे माझ्या जबाबात लिहून घेतले, मेमोंवर त्या तारखा ज्या कारणाने पडल्या त्यासकट. मी सही केली. मग तिने बाकीच्या चौघांकडे पाहून विचारले, कोणाला काही म्हणायचे आहे का? कोणाला नव्हते. दावा मान्य. मोजणी मे महिन्यात. उरलेले साठ पुन्हा उघडणार आहेत.

बाहेर आल्यावर मालनला मी म्हटले की मी तुझी माफी मागते. ती म्हणाली, "ठीक है." त्यात राग नव्हता आणि दुसरेही काही नव्हते. तिला गावची बस पकडायची होती. मग तिने हात पुढे केला. मला वाटले पाण्याची बाटली मागते आहे. ती म्हणाली, कागद द्या, ते सहा. समितीने नकला ठेवून मूळ प्रती मला परत दिल्या होत्या.

मी म्हटले, "अगं, आता त्यांचं काय काम? तुला पट्टा मिळणार आहे."

ती म्हणाली, "पट्टो तो सरकार को है, बाईजी. कल दूसरी मशीन आवेगी." मग कागद घडी करून पिशवीत घातले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "अगर तमने म्हारी भलाई लिखी होती, तो आज कोई नी मानतो."

ती बसमध्ये चढली. वेदिका मला विचारत होती की त्या काय म्हणाल्या, आणि मी तिला सांगितले की बसची चौकशी करत होती.

तुला खरे ते लिहिले.

विनोदिनी आत्या